पापडीचा वळसा

तिसऱ्या ड्रमाला वळसा घालताना आमच्या पापडीने ड्रम, खडूची रेघ, इस्माईलभाईंची सायकल, लिंबू सरबताची गाडी आणि नगरपरिषदेचं नवं स्वच्छतागृह या सगळ्यांना एकाच फेरीत आत घेतलं. स्वच्छतागृहाच्या मागून ती पुन्हा दिसायला लागली, तेव्हा वर बसलेल्या माझ्या दिराचा, धाकलूभावजींचा, गॉगल एका कानाला लोंबत होता आणि हातात लगामाऐवजी घोडीची आयाळ होती. मैदानावर जमलेल्या घोडेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा अर्थ मला चांगला कळत होता. स्टँडवरचं एक जनावर कमी झालं की बाकीच्यांच्या पाठीला तेवढं गिऱ्हाईक जास्त.

मुख्याधिकारी रणपिसेसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"ही घोडी गेली कुठे होती?"

"ड्रमाला वळसा घालायला, साहेब," मी म्हणाले.

"ड्रम इथे आहे, बाई."

"तिनं जरा ऐसपैस घातला."

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनाच्या तक्त्यात प्रत्येक घोड्यापुढे 'नैसर्गिक धावशैली' असा एक रकाना होता. इस्माईलभाईंच्या शहजाद्यापुढे त्याने 'झोकदार' लिहिलं होतं, दुसऱ्या एकापुढे 'मध्यम'. पापडीपुढे त्याने थोडा विचार केला आणि 'फरार' असं लिहिलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. निवेघाट तेव्हा एवढं मोठं नव्हतं, पण धंदा हाच होता. पावसाळाभर गाव ढगात बुडालेलं असायचं आणि नवरात्र संपलं की पर्यटक यायचे. ते कणसं खायचे, पॉइंट बघायचे, घोड्यावर बसून फोटो काढायचे आणि खाली जाऊन सांगायचे की आम्ही घोडेस्वारी केली. घोडेवाला त्यांच्या डाव्या बाजूने दोर धरून पळत असतो. फोटोत तो बहुतेक वेळा अर्धा कापलेला येतो.

आदल्या मोसमात लग्न करून नुकत्याच आलेल्या एका बाईंना घेऊन एक घोडा पॉइंटवर जायच्याऐवजी सरळ आपल्या तबेल्यात गेला. घोडेवाल्याच्या हातून दोर सुटला होता. नवरा दुपारपर्यंत पॉइंटवर कॅमेरा गळ्यात अडकवून उभा होता. तक्रार वरपर्यंत गेली. रणपिसेसाहेब नवीनच आलेले. त्यांनी मोबाइलवर परदेशातली एक शर्यत बघितली होती. मोठ्या टोप्या घातलेल्या बायका घोडे फेकत येतात आणि तीन पिंपांना वळसे घालून परत जातात. साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी गोदामातून डांबराचे तीन ड्रम आणवले, भोवती खडूची रेघ मारली आणि हुकूम काढला, की जो घोडा स्वाराला घेऊन तिन्ही ड्रमांना डाव्या हाताने वळसा घालून, ड्रम न पाडता आणि रेघ न ओलांडता परत येईल तो ताब्यातला घोडा, आणि त्यालाच यंदाचा बिल्ला. डाव्याच हाताने का, तर त्या बाजूला साहेबांची खुर्ची होती.

बिल्ला नाही म्हणजे स्टँडवर उभं राहायचं नाही. आणि आमचे मालक, लिंबाजी ढेबे, त्याच जुलैत गेले होते. अचानक. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आजार नाही, बिजार नाही. भेटायला येईल त्याला मी हेच सांगत होते, आणि लोक म्हणत होते, भाग्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. मागे उरलो मी, माझी कणसांची गाडी, धाकलूभावजी आणि पापडी. यात खरी कमावती एकटी पापडीच. बिल्ला गेला असता तर तिला सपाटीवर वरातीच्या धंद्यात विकावं लागलं असतं आणि मला भावाच्या घरी जाऊन भावजयीच्या हातचा चहा प्यावा लागला असता. तो चहा कसा असतो ते मी दोन दिवाळ्यांना बघून आले होते.

पापडीचं आणि माझं फार सख्य होतं असंही नाही. मालक दिवसभरात माझ्याशी जेवढं बोलायचे तेवढं तिच्याशी एका चढात बोलायचे. माझ्या मनात त्याची नोंद होती.

"साहेब, आणखी एक संधी द्या," मी म्हणाले. "पावसाळाभर ती बांधून होती. पाय मोकळे झाले नाहीत तिचे."

"पाय मोकळे झाले नाहीत?" साहेबांनी स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं. "बाई, ते बांधकाम अजून लोकांसाठी उघडलेलंही नाही."

पण माणूस वाईट नव्हता. आठवड्याने फेरचाचणी घेऊ म्हणाले. तोवर घोडीचा दोष कशात आहे ते शोधून काढा, नाहीतर नाद सोडा.

दोष शोधायला गावात माणसांची टंचाई नव्हती. पहिले आले जनावरांचे डॉक्टर कुलथे. त्यांनी पापडीला अंगणात फिरवलं, खांद्याला टेप लावला, मान इकडून तिकडे वळवून बघितली.

"डावा खांदा," ते म्हणाले. "वळायच्या आधी ती तो खाली टाकते. बघितलंत? असा. हे जन्मजात आहे. धावण्याची ढब हाडात असते, बाई, शिकवून येत नाही. आई कशी पळायची?"

"हिची का माझी?"

"घोडीची, बाई."

"हिच्या आईला आम्ही बघितलं नाही. हिला मालकांनी बाजारातून आणली तेव्हा ती एकटीच आली होती."

डॉक्टरांनी मान हलवली, आई न बघता घोडी घेणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं काय मत आहे ते मला कळावं म्हणून. मग खांद्याला चोळायला एक मलम दिलं. त्याचा वास इतका उग्र होता, की दोन दिवस माझ्या कणसांनाही तो येत होता.

मग आले इस्माईलभाई. ते घोडेवाल्यांचे अध्यक्ष आणि पिढीजात नालबंद. पापडीचा पुढचा डावा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि बराच वेळ नाल निरखत बसले.

"भाभी, सगळं नालात असतं. डॉक्टरांना काय कळतंय. हा बघा, आतल्या अंगाने खाऊन गेलाय. बाकी तीन पाय सरळ झिजलेत. म्हणजे वजन इकडे येतंय."

"कुणाचं वजन? गिऱ्हाईक तर मधोमध बसतं."

"तेच तर मला कळत नाही," इस्माईलभाई प्रामाणिकपणे म्हणाले आणि चारही नाल बदलून गेले. मैदानावर सगळ्यात आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. त्यामुळे त्यांनी नाल फुकट बसवले याचं मला नवल वाटलं, आणि मी तेही लक्षात ठेवलं.

धाकलूभावजींचं निदान वेगळं होतं. ते मालकांच्या पाठचे, पण मालक काटकुळे आणि हे भरदार. घोड्यामागे पळणं त्यांना कधी मानवलं नाही, घोड्यावर बसणं मात्र चांगलं जमायचं.

"वहिनी, ही वळणापाशी आली की मंदावते," ते म्हणाले. "क्षणभरच. मान जरा वळवते, काहीतरी विचारल्यासारखी. मी टाच मारली की मग बाहेरच्या बाहेर सुटते. पहिल्या ड्रमाला थोडी, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला तर तुम्ही बघितलंच. हिला डांबराचा वास सोसत नसणार."

म्हणून आम्ही घरचं पाण्याचं पिंप अंगणात ठेवलं आणि सराव सुरू केला. पिंपाला डांबराचा वास नव्हता. पापडीने पिंपाला वळसा घातला, म्हणजे पिंप, आमचं घर आणि शेजारच्या सोनुबाईचं परसू धरून घातला. परत आली तेव्हा भावजींच्या गळ्यात सोनुबाईचा परकर होता. दुसऱ्या दिवशी पिंपाला गूळ फासला, घोडी गुळाच्या ओढीने जवळून वळेल म्हणून. घोडी आली नाही. मुंग्या आल्या, आणि पाठोपाठ सोनुबाईची शेळी. शेळीने मात्र पिंपाला इतका सुबक वळसा घातला, की भावजी बघतच राहिले.

"हिला बिल्ला मिळाला असता," ते म्हणाले.

"तुम्ही बसाल का तिच्यावर?"

ते पिंपाचा गूळ धुवायला लागले.

शेवटचा उपाय इस्माईलभाईंनीच सांगितला. घोडी बाहेर जातेय ना, मग आतून ओढा. दोर बांधा आणि ड्रमाच्या बाजूने कुणीतरी पळत तिला आत घ्या. स्वार वर असला म्हणजे झालं. खाली माणूस नको असं हुकमात कुठे लिहिलंय?

हुकमात खरंच तसं लिहिलेलं नव्हतं. फेरचाचणीच्या दिवशी मी रणपिसेसाहेबांना विचारलं. त्यांनी कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि म्हणाले, "मनाई नाही."

आता पळणार कोण? एका बाजूला ड्रम, दुसऱ्या बाजूला घोडी, मध्ये माणूस. भावजी सगळ्या घोडेवाल्यांपाशी फिरून आले. एकाचा गुडघा धरला होता, एकाला उपास होता, एकाची दाढ दुखत होती. दाढेचा आणि पळण्याचा संबंध मी विचारला नाही. पापडी नापास झाली तर दिवाळीत ज्यांना दोन फेऱ्या जास्त मिळणार होत्या, त्यांच्याच दाढा दुखत होत्या.

"जाऊ दे वहिनी," भावजी खाली वाकून म्हणाले. ते आधीच घोडीवर चढून बसले होते. "बघू पुढल्या वर्षी."

"पुढल्या वर्षी तुम्ही चहा प्यायला याल का माझ्या भावजयीकडे?"

मी पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि भावजींच्या हातून दोर घेतला. मैदानावर हसू पसरलं. कणीसवाली घोडी पळवणार. सोनुबाई तर शेळी घेऊन बघायला आली होती.

साहेबांनी रुमाल खाली केला आणि आम्ही निघालो.

पहिल्या ड्रमापर्यंत मी दोर असा आवळून धरला होता, की माझ्याच बोटांना रग लागली. ओढायची वेळ आली तर सगळं अंग मागे टाकायचं, असं मी ठरवलं होतं. ओढायची वेळच आली नाही. पापडी ड्रमाशी वळली, मी ड्रमाच्या आणि तिच्या मध्ये, आणि दोर आमच्या दोघींच्या मध्ये वाळत घातलेल्या पातळासारखा सैल. रेघ तिच्या उजव्या पायांपासून चांगली हातभर लांब होती. हसू थांबलं.

"वहिनी, पळा की," वरून भावजी म्हणाले.

"पळतेच आहे."

"हे पळणं आहे? ही तुमच्याबरोबर पावलं मोजत चाललीय. शेळी पुढे जाईल."

खरंच होतं ते. टाच मारली तर सुसाट सुटणारी घोडी माझ्या पायाला पाय मिळवून दुडकत होती. दिवसभर शेगडीपुढे उभं राहणारी बाई मी, मला किती पळता येणार? दुसरा ड्रम दिसायला लागला तेव्हा माझ्या छातीत भाता चालू झाला होता. डोळ्यापुढे काजवे आले. मनात म्हटलं, सगुणा, आता तू पडणार, आणि पडलीस तर ड्रमावर पडणार, आणि ड्रम पडला की सगळं संपलं.

तेवढ्यात पापडी मंदावली. मी दोर ओढला नव्हता, भावजींनी लगाम खेचला नव्हता. ती आपली आपण मंदावली आणि तिचा डावा खांदा खाली आला, डॉक्टरांनी दाखवला होता तसाच, माझ्या काखेपाशी. मी पडू नये म्हणून हात टाकला. मानेच्या मुळाशी, आयाळीखाली, एक जागा होती. तिथले केस झिजून गेले होते. कातडं गुळगुळीत झालेलं, तळहाताएवढं. माझा हात त्या जागेवर बसला आणि मी अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. पापडीने तो घेतला. ड्रमाभोवती मी पळाले नाही, तिने मला नेलं. माझे पाय नुसते जमिनीला लागत होते.

वळण संपलं, तसा खांदा वर गेला आणि ती पुन्हा माझ्या चालीने दुडकायला लागली.

तिसऱ्या ड्रमापाशी पंच म्हणून इस्माईलभाई उभे होते. या वेळी मला तेवढी धाप नव्हती. मी हात खालीच ठेवला होता. पापडी मंदावली, खांदा खाली केला आणि वळायच्या जागी उभी राहिली. टाच मारू नका म्हणून मी भावजींचा पाय धरला. पापडीने मान किंचित माझ्याकडे वळवली. ती वाट बघत होती.

"काय झालं?" भावजी म्हणाले. "का थांबली?"

"इस्माईलभाई," मी म्हणाले, "आमचे मालक वळणावर कसे पळायचे?"

"लिंबाजी?" ते हसले. "हात टाकून. घोडीच्या गळ्यात हात टाकून लटकायचा पठ्ठ्या. आम्ही म्हणायचो, हिरो झालाय आमचा लिंबाजी. गिऱ्हाईक वर बसलंय आणि हा खाली प्रेमात."

"पहिल्यापासून?"

"नाही नाही. शेवटचे दोन-तीन मोसम. आधी वळणावर, मग चढालाही."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी?" इस्माईलभाई म्हणाले. "त्याच्या आधी तो घोडीच्या पुढे पळायचा, भाभी."

हे बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठेतरी अर्ध्यावर थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पापडीच्या पुढच्या डाव्या पायाकडे, नव्या नालाकडे. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली.

"भाभी, त्याने आम्हाला कुणाला..."

"मलाही नाही," मी म्हणाले.

जुलैपासून दारात आलेल्या प्रत्येकाला मी सांगत होते, अचानक गेले. गावात कोण कुणाशी का गोड बोलतो हे मला बसल्या जागेवरून कळतं. आणि दोन-तीन मोसम एक माणूस प्रत्येक वळणाला दम खात होता, ते या घोडीला माहीत होतं, तिच्या नालाला माहीत होतं. संध्याकाळी घरी येऊन तो माझ्या पुढ्यात भाकरी खात होता.

"वहिनी, साहेब बघतायत," वरून भावजी म्हणाले.

मी हात वर केला आणि त्या झिजलेल्या जागेवर ठेवला. मला भार टाकायची गरज नव्हती, तरी टाकला. पापडी लगेच निघाली. तिसऱ्या ड्रमाला आम्ही इतक्या सावकाश वळलो, की सोनुबाईच्या शेळीने मध्येच बसकण मारली. ड्रम हलला नाही, रेघ पुसली नाही. आम्ही साहेबांच्या खुर्चीपुढे येऊन उभ्या राहिलो.

साहेब गोंधळात पडले होते. त्यांनी एकदा भावजींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"वेळ फार लागला," कारकून म्हणाला.

"वेळेचं हुकमात काही नाही," साहेब म्हणाले. "पण घोडी कोणाच्या ताब्यात होती? वरच्याच्या की खालच्या बाईंच्या?"

"माझ्या तर नव्हती," धाकलूभावजी खरं बोलले. आयुष्यात फार वेळा त्यांनी असं केलं नव्हतं.

"बाई, तुमच्या?"

"नाही, साहेब. उलट म्हणा."

साहेबांनी तक्त्यात खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. "उलट लिहायला रकाना नाही," ते शेवटी म्हणाले. "ड्रम तिन्ही उभे आहेत. द्या बिल्ला."

टाळ्या वाजल्या नाहीत. दाढ दुखणारा एक जण तेवढा पुढे आला आणि पापडीच्या तोंडावरच्या मोहरकीला बिल्ला बांधायला लागला. गाठ दोनदा सुटली. इस्माईलभाईंनी त्याच्या हातातून बिल्ला घेतला आणि स्वतः बांधला. भावजी उतरले, गॉगल पुसला आणि पुन्हा घातला.

मी अजून पापडीच्या मानेशी उभी होते. ती खांदा खाली टाकून तशीच होती, हलत नव्हती.

"पास झालात तुम्ही, बाई," रणपिसेसाहेब म्हणाले. त्यांनी जवळ येऊन माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आपली खुर्ची उचलून माझ्यामागे आणून ठेवली. "बसा. पाणी आणवू का? तुम्हाला बरं वाटत नाहीये."

"नको, साहेब," मी म्हणाले. "जरा अशीच उभी राहते. मला काही होत नाही."